डिसेंबरात दोघांनी कोलकाता: ठाणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही दोघं कोलकात्याला जाऊन आलो तेव्हापासून बिल्डिंगमधले, नवऱ्याच्या ऑफिसातले, माझ्या नणंदेच्या सासरचे, सगळे तेच तेच विचारतायत. प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. हे फक्त दोघांच्या ट्रिपबद्दल आहे. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईबाबा सोबत असतील तर यातलं निम्मं गाळा.

कोलकाताच का? गोवा, जयपूर सोडून?

कारण २५ डिसेंबरला गोव्यात अर्धं ठाणेच भेटतं. आणि कोलकाता बाकीचं वर्षभर एवढं दमट असतं की फिरायची इच्छाच होत नाही, ऑक्टोबरातली दुर्गापूजा सोडली तर डिसेंबर-जानेवारी हाच काय तो खरा सीझन.

थंडी किती असते? जॅकेट घ्यायचं का?

पहाटे १३-१४ डिग्री, दुपारी २५ च्या आसपास. आपल्याला ठाण्यात एवढीही सवय नाही म्हणून सकाळी स्वेटर आणि एक स्टोल लागतो, दुपारी तो हातात घेऊन फिरायचं. जाड जॅकेट नको. मात्र तिकडचे लोक एवढ्या थंडीला माकडटोपी, मफलर, मोजे असा पूर्ण बंदोबस्त करून निघतात, ते बघून घाबरू नका.

अजून एक, हिवाळ्यात तिथली हवा खराब असते, सकाळी धुकं आणि धूर दोन्ही मिसळलेलं दिसतं. कोणाला दमा असेल तर पंप आणि मास्क बॅगेत तळाशी न ठेवता वरती ठेवा.

एकच टिप द्यायची असेल तर कुठली देशील?

तिकडे पाचला अंधार पडतो. हे कोणी सांगत नाही आणि सगळं गणित यावरच आहे. म्हणजे बघा, घड्याळ सगळ्या देशाचं एकच पण कोलकाता आपल्यापेक्षा रेखांशात जवळजवळ १५ अंश पूर्वेला, आणि १५ अंश म्हणजे सूर्याचा एक तास. डिसेंबरच्या शेवटी ठाण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि सहानंतर मावळतो, तिकडे सव्वासहाला उगवतो आणि पाच वाजायच्या आत मावळतो. आता आपली सुट्टीतली पद्धत काय, नऊला उठा, हॉटेलचा ब्रेकफास्ट दहाला संपतो म्हणून पळत खाली जा, आंघोळी करून अकराला बाहेर पडा. असं केलंत तर दिवसातला फिरायचा उजेड सहा तास उरतो, त्यात जेवण, ट्रॅफिक, आणि एकाला बाथरूम शोधायचं असतं.

म्हणून तुमचं घड्याळ एक तास पुढे गेलंय असं समजून चाला. साडेपाचचा अलार्म लावा, सहाला बाहेर. दुपारी दोन ते साडेतीन हॉटेलवर येऊन झोपा हवं तर. नदीवरचा सूर्यास्त बघायचा तर चारला घाटावर पाहिजे, सहाला जाऊन काळोख बघून याल. संध्याकाळी खाणं, दिवे, बाजार. आमच्याकडे हे मला मान्य होतं, नवऱ्याला नव्हतं, पण फुलबाजार बघितल्यावर तो स्वतः अलार्म लावायला लागला.

किती दिवस ठेवायचे?

पोचायचा आणि निघायचा दिवस सोडून पूर्ण चार. तीनमध्ये धावपळ होते. पाच असतील तर पाचवा दिवस मोकळा ठेवा, त्यात काही कोंबू नका.

ट्रेन की विमान?

वेळ असेल तर ट्रेन, मी उगाच रोमँटिक होऊन नाही म्हणत. गीतांजली किंवा नागपूरमार्गे जाणारी हावडा मेल, दोन्ही कल्याणला थांबतात, त्यामुळे पहाटे सीएसएमटी गाठायची कटकट नाही. अंतर १९६८ किलोमीटर, गीतांजलीला एक दिवस-एक रात्र आणि वर थोडं. फक्त गाडी नागपूरवरूनच जाणारी बघा. प्रयागराजवरून जाणाऱ्या गाड्या डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतल्या धुक्यात अडकून कितीही लेट होतात. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, ख्रिसमसच्या आठवड्याचं एसी तिकीट पाहिजे तर त्याच सकाळी आठला बसायचं.

विमानाला तीन तासांच्या आत काम होतं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही फ्लाइट सुरू झाल्यात, त्यामुळे ऐरोली-बेलापूर पट्ट्यातल्यांनी आणि ठाण्याच्या कळवा-विटाव्याकडच्यांनी तिथून कोलकात्याची वेळ जमते का आधी बघावं. घोडबंदरवाल्यांनो, तुम्ही कुठूनही जा, तुमचा अर्धा प्रवास कापूरबावडीलाच आहे. पहाटेची लँडिंग मात्र टाळा, कोलकात्यालाही सकाळी धुकं असतं, अकरानंतर पोचणारी घ्या.

उतरल्यावर टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून विमानतळाला मेट्रो जोडली आहे. विमानतळाचं स्टेशन जय हिंद, तिथून नोआपाडा, तिथे ब्लू लाइन बदलली की सरळ एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट.

राहायचं कुठे?

पार्क स्ट्रीट ते एस्प्लनेड या पट्ट्यात, मेट्रो स्टेशनपासून चालत. म्युझियम, मैदान, न्यू मार्केट सगळं पायाखाली येतं. थोडं शांत, घरगुती हवं तर दक्षिणेकडे गरियाहाट-बालीगंज. सॉल्ट लेकला स्वस्तात छान रूम दिसतात पण रोज एवढ्या लांबून यायचं हे आधी कळत नाही.

नवरा-बायकोचं आडनाव वेगळं आहे, लग्नाचं सर्टिफिकेट लागेल का?

नाही हो. दोघांचं आपापलं ओळखपत्र द्या, बास. लग्न झालेलं नसेल तरी दोघं सज्ञान असतील तर एका खोलीत राहायला कायद्याने बंदी नाही, पण काही हॉटेलं स्वतःचे नियम पुढे करून दारातून परत पाठवतात, तेव्हा पैसे भरायच्या आधी फोन करून स्पष्ट विचारा. रात्री अकराला रिसेप्शनवर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

सोमवार मध्ये येतोय, चालेल ना?

चालेल, पण त्या दिवशी म्युझियम ठेवू नका. व्हिक्टोरियाची गॅलरी, इंडियन म्युझियम, जोडासाँकोची ठाकूरबाडी (रवींद्रनाथांचं घर), मार्बल पॅलेस नावाचा जुना संगमरवरी वाडा, सगळं सोमवारी बंद. मार्बल पॅलेस वर गुरुवारीही बंद, आणि अलिपूरचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी. सोमवारी घाट, देवळं, बाजार, कॉलेज स्ट्रीट असं उघड्यावरचं करा. तिकीट काढायच्या आधी तुमचा सोमवार कुठे पडतो ते बघा, मग बाकीचे दिवस आपोआप बसतात.

व्हिक्टोरिया मेमोरियल नुसतं बाहेरून बघितलं तर?

मी तर म्हणते आधी बाहेरूनच बघा. सकाळी बाग लवकर उघडते, सोमवारीही, आणि त्या वेळी धुक्यातून ती पांढरी इमारत हळूहळू वर येते, मॉर्निंग वॉकवाले काका सोडले तर कोणी नसतं. १९०६ साली पायाभरणी, १९२१ ला उघडली, संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा, म्हणजे ताजमहालाचा तोच. घुमटावर काळी परी आहे ती वारा असला की फिरते, म्हणजे फिरायला बनवलेली आहे, आम्ही बराच वेळ मान वर करून उभे होतो, वारा नव्हता. आतली गॅलरी दहाला उघडते, जुन्या कलकत्त्याची चित्रं त्यात आहेत, तासभर पुरतो.

हावडा ब्रिज बघायला कधी जायचं?

सूर्योदयाला. आणि ब्रिज बघायला जाऊ नका, ब्रिजखालच्या मल्लिक घाटाच्या फुलबाजाराला जा, ब्रिज दिसतोच. १९४३ चा पूल, नट-बोल्ट नाहीत, सगळं रिवेटवर जोडलेलं आणि नदीत मध्ये एकही खांब नाही. पण खरी मजा खाली. झेंडूच्या माळांचे जाड वेटोळे खांद्यावर टाकून माणसं येतात, केशरी नि पिवळे, एकेकाचा चेहराच दिसत नाही नुसती फुलं चालत येतात, खाली जमिनीवर कालच्या पाकळ्यांचा चिखल झालेला, मागून हमाल ओरडतो तेव्हा बाजूला व्हायला जागाच नसते आणि तरी तुम्ही होता. सँडल घालू नका, जुने बूट घाला. फोटो काढताना विचारा, आणि वाटेत उभं राहून काढू नका, त्यांचा धंद्याचा टाइम असतो. बाजार बघून बाजूच्या घाटावर मातीच्या छोट्या भांड्यातला चहा, तिथे लोक आंघोळ करत असतात, कुस्तीवाले तेल चोळत असतात. नंतर फेरीने नदी ओलांडायची, तिकीट अगदी किरकोळ आहे, सुट्टे ठेवा.

नदीखालून जाणारी मेट्रो खरंच बघण्यासारखी आहे का?

दिसत काहीच नाही, भिंतीवर निळे दिवे लागतात आणि पाऊण मिनिटात हुगळी पार. तरी करा. जाताना फेरीने वरून, येताना मेट्रोने खालून, हे आम्ही केलं आणि खूप आवडलं. मार्च २०२४ ला सुरू झाली, देशात नदीखालून जाणारी पहिली. हावडा स्टेशन जमिनीखाली तीसेक मीटर, सरकते जिने संपतच नाहीत. तसं देशातली पहिली मेट्रोसुद्धा इथलीच, १९८४ ची, आपल्या ठाण्यात खांब उभे राहायला किती वर्षं लागली ते आठवून गप्प बसायचं. तिकीट पाच रुपयांपासून.

ट्राम आणि पिवळी टॅक्सी अजून आहे?

आहे, पण घाई करा. ट्राम १८७३ साली घोड्यांवर सुरू झाली, १९०२ पासून विजेवर, आता मोजकेच मार्ग शिल्लक आहेत आणि छोटा हेरिटेज तुकडा सोडून तेही बंद करायचं सरकारने २०२४ ला जाहीर केलं. एस्प्लनेडच्या डेपोत जाऊन आज कुठली चालू आहे ते विचारा नि जी असेल ती पकडा, कुठे जायचंय म्हणून नाही, बसायचं म्हणून. पिवळ्या अँबॅसेडरचं उत्पादनच २०१४ ला थांबलं आणि १५ वर्षांच्या नियमात दर वर्षी गाड्या कमी होतायत. दिसली की हात करा, भाडं मात्र बसायच्या आधी ठरवा.

२५ डिसेंबरला पार्क स्ट्रीटला जायचं का? गर्दी असते म्हणे.

असते. आपल्याकडे राम मारुती रोडला दिवाळी पहाटेला पाय ठेवायला जागा नसते ना, त्याच्या कितीतरी पट धरा. संध्याकाळी गाड्या बंद करतात आणि सगळा रस्ता माणसांचा, डोक्यावर लाल टोप्या, शिंगं लुकलुकणारी. आमचं मत, दिवे बघायचे तर २१-२२ लाच जा, दिवे आधीच लागलेले असतात, अॅलन पार्कात गाणी-बजावणी चालू असते आणि हात न सोडता चालता येतं. २५ ला सकाळी सेंट पॉल्स कॅथेड्रल बघा, १८४७ चं, १९३४ च्या भूकंपात त्याचा कळस पडला आणि मग आताचा चौकोनी मनोरा बांधला. बो बॅरॅक्सला पण जा, लाल विटांच्या जुन्या चाळी आहेत, अँग्लो-इंडियन कुटुंबं राहतात, त्या दिवसांत गल्ली सजवतात. लोकांची घरं आहेत ती, खिडकीतून आत कॅमेरा घालू नका.

केक घ्यायचा तर न्यू मार्केटमधलं नाहूम, १९०२ पासूनची ज्यू कुटुंबाची बेकरी. २३-२४ ला रांग मार्केटच्या बाहेर जाते, तुम्ही २० ला घेऊन टाका, फ्रूट केक टिकतो. पार्क स्ट्रीटच्या नावाजलेल्या हॉटेलांत जेवायचं असेल तर साडेबाराच्या आधी जाऊन बसा, रात्रीचा नाद सोडा.

दक्षिणेश्वर, बेलूर एका दिवसात होतं का?

अर्ध्या दिवसात. दक्षिणेश्वरपर्यंत मेट्रो आहे. राणी रासमणींनी बांधलेलं देऊळ, १८५५ चं. सकाळी लवकर दर्शन, मग घाटावरून बोटीने बेलूर मठ, म्हणजे रामकृष्ण मिशनचं मुख्य ठाणं, ही बोट चुकवू नका, ट्रिपमधला सगळ्यात शांत तुकडा तोच. दोन्ही ठिकाणं दुपारी बंद असतात, साडेअकराला पोचलात तर कट्ट्यावर बसून राहाल. मोबाइल मंदिरात नेता येत नाही, जमा करावा लागतो.

आणि १ जानेवारीला अजिबात जाऊ नका. त्या दिवशी कल्पतरू उत्सव असतो, रामकृष्ण परमहंसांशी जोडलेला, १८८६ सालच्या १ जानेवारीची आठवण म्हणून, आणि लाखो लोक पहाटेपासून रांगेत. भक्तीने जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी मरू का?

उलट हिवाळ्यात तुमचीच चैन. कोवळे मटार येतात त्याची कोराईशुटीर कोचुरी, म्हणजे मटार वाटून आलं-हिंगात परतून भरलेली पुरी, हा पदार्थ फक्त याच महिन्यांत. सकाळी मिठाईच्या दुकानाबाहेर कढई लागते. पोरगा पानांच्या द्रोणात दोन कोचुऱ्या टाकतो, वर बटाट्याची आलूर दम, तुम्ही अंगठ्याने पोट फोडलंत की आतून हिरवी वाफ येते. आमचं रोज तेच. शिवाय लुची म्हणजे मैद्याची पुरी, नारळ घातलेली छोलार दाल म्हणजे हरभऱ्याची डाळ, बेगुन भाजा म्हणजे वांग्याचे तळलेले काप, आणि फुचका. फुचका आपल्या पाणीपुरीपेक्षा आंबट, आत रगडा नाही, तिखट कुस्करलेला बटाटा. नवी मुंबईचा माणूस सुरुवातीला नाक मुरडतो, मग आणखी एक प्लेट सांगतो.

हॉटेलात "निरामिष" म्हणून विचारा. कांदा-लसूणही नसतो त्यात बहुतेक वेळा. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी डोक्यात जातो, दुसऱ्या दिवशी कळतही नाही.

आणि आम्ही काहीही खातो.

मग विचारताय कशाला. बटाटा घातलेली बिर्याणी, काठी रोल, कोशा मांग्शो म्हणजे परतून दाट केलेलं मटण. अवधचं राज्य गेल्यावर १८५६ ला नवाब वाजिद अली शाह इथे मटियाबुर्जला येऊन राहिला, ही बिर्याणी त्याच्या खानसाम्यांची म्हणतात. टिरेट्टी बाजारात, म्हणजे जुन्या चायनाटाउनात, सकाळी सहा ते आठ चायनीज नाश्ता मिळतो, मोमो, वाफवलेले चिनी पाव, फिशबॉलचं सूप, रविवारी सगळ्यात जास्त. आठनंतर गेलात तर भाजीबाजार.

आपण मराठी आहोत कळल्यावर काही बोलतात का?

हसतात. आपल्याकडे शाळेत नीटसं शिकवत नाहीत, पण नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर वर्षानुवर्षं स्वाऱ्या करत होत्या, तिथे त्यांना बर्गी म्हणतात आणि तिकडच्या आया अजून अंगाईत बर्गी आणतात. आपण ज्याला पराक्रम म्हणतो तो दुसऱ्याच्या अंगाईत असा बसलेला असतो, ऐकताना जरा चुळबुळ होते. मराठ्यांच्या भीतीने १७४२ मध्ये इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठे तिथवर आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. बागबाजारला मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. बघण्यासारखं शून्य, पाटीसोबत सेल्फी काढून आलो. तेच बंगाल, आणि तिथल्याच रवींद्रनाथांनी १९०४ साली शिवाजी महाराजांवर मोठी कविता लिहिली, हेही सांगा कोणी चिडवलं तर.

एकाला म्युझियम आवडतं, दुसऱ्याला कंटाळा. काय करायचं?

वेगळे व्हा. खरंच. दोन तास. इंडियन म्युझियम १८१४ चं आहे, देशातलं सगळ्यात जुनं, तिथे भारहूतच्या स्तूपाचे लाल दगडी कठडे आहेत, इसवीसनापूर्वीचे, मला त्यापुढे अर्धा तास लागला. नवरा ममी बघून बाहेर पडला आणि मैदानात पोरांचं क्रिकेट बघत बसला. दोघंही खूष भेटलो. जोडप्याने सगळं मिळूनच बघायचं हा कुठला नियम, निम्मी भांडणं त्याच्यातूनच होतात.

कॉलेज स्ट्रीट मात्र दोघांना चालतं, जुनी पुस्तकं, कॉफी हाउस, समोर विद्यापीठ, १८५७ चं, आपल्या मुंबई विद्यापीठाच्याच वर्षीचं. कॉफी साधारण आहे, गोंगाट फर्स्टक्लास. तिथून जोडासाँको जवळ, रवींद्रनाथ जिथे जन्मले आणि जिथे गेले ते घर. पुढे वेळ उरला तर कुमारटोली, मूर्तिकारांची वस्ती, या दिवसांत तिथे सरस्वतीच्या मूर्तींचं काम चालू असतं, गवताचे सांगाडे आणि ओली माती.

साडी कुठून घ्यायची?

गरियाहाट. तांत म्हणजे हातमागाची कॉटनची घ्या, फुलिया-शांतिपूरची, ठाण्याच्या उन्हाळ्यात उपयोगी पडते. नवी असते तेव्हा कांजीने पुठ्ठ्यासारखी कडक असते, त्यावरून नाकारू नका. पदरावर चित्रकथा विणलेली बालुचरी रेशमी आणि महाग, ती फुटपाथवर घेऊ नका. घासाघीस करा, पण हसत, "दादा" "दीदी" म्हणत. हिंदी सगळीकडे चालतं.

सुंदरबन, शांतिनिकेतन, दार्जिलिंग जोडून घेऊ का?

सुंदरबन एका दिवसात नको, सगळा वेळ गाडीत जातो. दार्जिलिंग ही वेगळी ट्रिप आहे. शांतिनिकेतन होतं, हावड्याहून ट्रेनने अडीच-तीन तास, पण २३ डिसेंबरच्या आसपास पौष मेळा असतो तेव्हा राहायला जागा मिळत नाही.

नोलेन गूळ ठाण्यात कसा आणायचा?

खजुराच्या रसाचा हा गूळ फक्त थंडीतच मिळतो, म्हणून प्रत्येकजण मागवतो. दोन प्रकार असतात. ढेप मिळते तिला पाटाली म्हणतात, ती कागदात गुंडाळून बॅगेत टाका, काही होत नाही. पातळ तो झोला गूळ, बाटलीत किंवा मडक्यात, तो प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून चेक-इनमध्ये, आणि कपड्यांपासून लांब. ट्रेनने येणाऱ्यांनी सीटखाली ठेवला तर मुंग्यांची जबाबदारी तुमची. गुळाचा संदेश (छेन्याची मिठाई) आणू नका, मऊ असतो, तिथेच खा, दुकानात उभं राहून. जयनगरचा मोआ, म्हणजे कनकचूर तांदळाच्या लाह्या आणि हाच गूळ यांचा लाडू, निघायच्या दिवशी घेतलात तर आणता येतो, पण दोन-तीन दिवसांत संपवा. शेजारी वाटायचा असेल तर विमानतळावरून घरी आलात की त्याच संध्याकाळी वाटा.